पिकअप घ्यायची की नाही

ठाकुर्ली,
१० नोव्हेंबर २०२४

ती. नीलावन्संना,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. तुमचे भाऊ ठीक आहेत, म्हणजे दिवाळीत बघितलेत तसेच आहेत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. घर केवढं ते तुम्हाला माहीतच आहे. मोरीत जाऊन कुजबुजले तरी ह्यांना ऐकू जातं, आणि माझा मोबाइल दिवसभर ह्यांच्याच उशाशी. मेसेज आला की तेच मोठ्याने वाचून दाखवतात. आत्ता नर्सरीत कुंड्यांच्या आडोशाला बसलेय. उत्तर पाठवाल ते समोरच्या हेमांगीच्या पत्त्यावर पाठवा, ब्लाउज शिवते ती. तिला सांगून ठेवलंय.

ठाण्याच्या डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी मला एकटीला आत घेतलं. ह्यांना वजन करायला पाठवलं. स्वादुपिंडातलं दुखणं लिव्हरपर्यंत गेलंय, केमोचा उपयोग होत नाहीये, आता थांबवू म्हणाले. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, उन्हाळा बघतील असं मला वाटत नाही. पेशंटला सांगू का म्हणाले, मी हात जोडले. बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, औषधाला गॅप दिलाय, जरा अंग धरू दे म्हणतायत. ह्यांनी मान हलवली आणि चहा घेऊया का विचारलं.

वन्सं, आम्हाला मूलबाळ नाही. दोघांना दोघंच, आणि त्यातल्याच एकाला सांगायचं नाही, तर सांगू कोणाला?

आता दुसरी गोष्ट. कल्याणला पत्रीपुलाच्या पलीकडे काळुरामचं गॅरेज आहे, आपला तीनचाकी टेम्पो तिथेच दुरुस्त व्हायचा. टेम्पो तर आजारपणात विकला. परवा हे मला न सांगता रिक्षा करून तिकडे गेलेले. आले ते तोंडावर तजेला घेऊन. तिथे एक जुनी पिकअप उभी आहे, कोणा भाजीच्या व्यापाऱ्याची, वर्ष-दीड वर्ष उघड्यावर पडलेली. ह्यांना ती घ्यायची आहे. मी जाऊन बघून आले. हौद्याचा पत्रा गंजून चाळण झालाय, मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, क्लच गेलाय, रेडिएटर गळतो. काळुराम तिथलाच, सरळ माणूस, विकायचं म्हणून गोड बोलत नाही. इंजन बेस हाय वहिनी, पन गारीचं काम लय निघंल, असं तोंडावर म्हणाला. हे मात्र मुलगी बघून पसंत पडल्यासारखे बोलतायत.

ठेव मोडल्याशिवाय गाडी येणार नाही. आणि ती ठेव म्हणजे ह्यांच्या पश्चात माझं जे काय आहे ते. डोकं म्हणतं, नाही म्हण. पण काल गाडीचं बोलता बोलता ह्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. दिवाळीत करंजीचा तुकडा उतरत नव्हता घशाखाली.

घ्यायची की नाही? तुम्ही मोठ्या, कोर्टात नोकरी केलेल्या, दहा घरांचं बघितलेल्या. सांगाल तसं करीन.

माया करता तशीच करत राहा.
तुमची,
मालन

&nbsp;

बाळकुम, ठाणे,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालन हीस,
नीलाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. घरात मुकुलला किंवा सुनेला काही बोललेले नाही. दौलत माझा पाठचा, सात वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन ओतूरचा बाजार फिरलेली आहे. त्याच्याबद्दल असं काही कागदावर वाचावं लागेल, असं मनातही आलं नव्हतं.

पण तू सल्ला विचारलास, तर स्पष्ट लिहिते. गाडी घेऊ नकोस.

मोडक्या वस्तू घरात आणणं ही तुझ्या नवऱ्याची जुनी खोड. एकदा बिनचाकाची सायकल आणली. एकदा एका डोळ्याने आंधळी शेळी आणली, तिला आईने वर्षभर चारा घातला, हा आठ दिवसांत विसरला. ते वय वेगळं होतं. आता ही पिकअप दुरुस्त होणार कधी, आणि झाली तर चालवणार कोण? लिहिताना हात अडतोय, पण कोणीतरी लिहायलाच हवं. त्याच्या मागे तू राहणार आहेस. ती ठेव मोडू नकोस. त्याला म्हण, आधी बरे व्हा, मग गाडी घेऊ. आशा दाखवायला पैसे पडत नाहीत.

रविवारी मी येते. दुधीचा हलवा आणीन, त्याला पूर्वी आवडायचा. चेहरा सरळ ठेवून बसेन, काळजी करू नकोस. आणि तूही काही खात जा. मागच्या खेपेला तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

जीवाला जप. आमचा लोभ आहेच.
तुझी,
नीला

&nbsp;

काळुरामचं गॅरेज, कल्याण,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
दौलतचा शि. सा. न.

आक्का, शाळा सुटल्यापासून हे पहिलंच पत्र. अक्षराला हसू नकोस, बोटांना मुंग्या येतात, औषधाची देणगी. गॅरेजात स्टुलावर बसून लिहितोय. काळुराम पोस्टात टाकेल, तूही उत्तर इथेच पाठव. मालनला कळता कामा नये.

रविवारी तू आलेलीस. चेहरा एवढा सरळ ठेवलास की मलाच तुझी दया आली. म्हणजे तिने तुलाही सांगितलंय. मला माहीत आहे, आक्का. डॉक्टरांनी वजन करायला पाठवलं तेव्हाच कळलं. वजन तर आत जायच्या आधीच झालेलं. मालन बाहेर आली ती हसत. खोटं हसताना ती खालचा ओठ दाताखाली धरते, लग्न झाल्यापासून बघतोय. मग मीही हसलो आणि चहा मागवला.

आता गाडीचं. मोडता तू घातलायस हे मला कळलं. मालन तुझं नाव घेत नाही, पण वाक्यं तुझीच बोलते. आधी बरे व्हा, मग गाडी. अगं, बरा होणार नाही म्हणूनच तर गाडी पाहिजे.

नर्सरी खरी तिची. कुठल्या मातीत काय जगेल, कुठलं रोप नुसतं दिसायला टवटवीत आहे, ते तिला कळतं. मी आपला हमाल आणि ड्रायव्हर. टेम्पो गेल्यापासून भाड्याची गाडी बोलवतो. येतो म्हणतात आणि येत नाहीत. रोपं उन्हात करपतात, गिऱ्हाईक तुटतं. मी गेलो की ती आणखी सहा महिने कसंबसं ओढेल, मग झाडं कोणालातरी देऊन टाकेल आणि जुन्नरला भावाकडे जाईल. तिथली तिची भावजय कशी आहे ते तुला सांगायला नको. मालन तिथे ताटं उचलतेय हे मला मेल्यावरसुद्धा बघवणार नाही.

ठेव किती दिवस पुरेल? गाडी असेल तर ती कोणाच्या दारात जाणार नाही. चालवायला मी शिकवीन. सरळ सांगितलं तर हातपाय गाळून बसेल, म्हणून पोरासारखा हट्ट धरलाय. माझ्या हट्टाला ती नाही म्हणत नाही. नवी गाडी झेपणार नाही, आणि खरं सांगू का, मोडकीच बरी. दुरुस्त होताना डोळ्यांनी बघेल, तर उद्या रस्त्यात बंद पडली म्हणून घाबरणार नाही.

तू फक्त हो म्हण. आणि मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. आईची शपथ आहे तुला.

रागावू नकोस, रागवायला फार दिवस नाहीत.
तुझा,
दौलत

&nbsp;

बाळकुम, ठाणे,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालन हीस,
अ. उ. आ.

मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं विसर. गाडी घे.

का, ते विचारू नकोस. दौलतला समोर बसून बघितलं आणि माझं मत फिरलं, एवढंच समज. म्हातारपणी माणूस शहाणा होतो म्हणतात, मी नुसती माघार घ्यायला शिकले. ठेव मोड आणि घे. दुरुस्तीच्या वेळी त्याच्याबरोबर तिथे जात जा. तो काही दाखवेल, शिकवेल, तर मला काय करायचंय असं म्हणू नकोस. शिक. त्याला बरं वाटेल.

थंडी पडायला लागली आहे. त्याला तिकडे उघड्यावर बसवताना कान झाक.

आठवण ठेव.
नीला

&nbsp;

ठाकुर्ली,
२२ डिसेंबर २०२४

ती. नीलावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी मला वाटलं हेमांगीने दुसऱ्याच कोणाचं दिलं. पण तुम्ही हो म्हणालात आणि माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. गाडी घेतली. अजून काळुरामकडेच आहे, पण आपली झाली. कागद माझ्या नावावर करायचा हट्ट ह्यांचाच. म्हणे, बायकोच्या नावाची गाडी पोलीस कमी अडवतात. काहीही!

आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही जातो. हे कानटोपी घालून उन्हात खुर्चीवर, काळुराम गाडीखाली, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर. पहिल्या दिवशी म्हणाले, नुसता क्लच दाबून धर, मला आवाज ऐकायचाय. धरला. मग म्हणाले, आता गिअर टाक, बघू पडतो का. असं करता करता एक दिवस म्हणाले, मैदानात एक चक्कर मार, मला लांबून चाकं बघायचीत सरळ जातात का. मी रिव्हर्स घेतला तो थेट काळुरामच्या तेलाच्या पिंपावर. पिंप आडवं, तेल सगळीकडे. काळुराम कपाळावर हात मारून बसला आणि हे इतके हसले, इतके हसले, की पुढे खोकला थांबेना. पण हसले.

आता ऐका गंमत. माझ्याकडून शिकाऊ लायसन्स काढून घेतलंय. मी म्हटलं, या वयात मला कशाला? तर म्हणे, टिटवाळ्याला माल पोचवायला गेलो आणि माझा हात भरून आला, तर गाडी काय डोक्यावर घेऊन येणार आहेस? परीक्षेला सगळी कॉलेजची पोरं आणि मधे मी.

मला गाडीची हौस नाही हो वन्सं. ह्यांना वाटतंय आपण बरे होतोय आणि मालन आपल्या हाताखाली आहे. वाटू दे. पुढच्या पावसाळ्यात मोगरा किती करायचा, सोनचाफ्याची कलमं कुठून आणायची, सगळं बोलतात. मी हो हो करते. मग शेणखताच्या ढिगाआड जाऊन रडून येते आणि डोळ्यांवर पाणी मारून परत ह्यांच्यापुढे हसत बसते.

वजन उतरतच चाललंय. पँटला दोरी बांधतात.

येत जा.
तुमची,
मालन

&nbsp;

बाळकुम, ठाणे,
२९ डिसेंबर २०२४

चि. दौलत यास,
आक्काचे अ. उ. आ.

तू शपथ घातलीस, मी पाळली. पण आता मला ती सोसत नाही.

तुला वाटतं तू तिला वाचवतोयस. तिला वाटतं ती तुला वाचवतेय. आणि मी इथे बसून दोघांची पत्रं वाचते. ती तुझ्यापासून लपून रडते, तू तिच्यापासून लपून मला लिहितोस. एका खोलीत राहणारी दोन माणसं ही. अरे, तिला सांगून टाक. एकच संध्याकाळ दे तिला. दोघं एकमेकांसमोर बसा आणि रडा. त्याने गाडी शिकायची राहणार नाही. मालनला तू समजतोस तेवढी कच्ची समजू नकोस.

तुझे भावजी गेले तेव्हा ते शुद्धीवरच नव्हते. मला बोलायचं होतं ते सगळं अजून माझ्याकडेच आहे. तुम्हाला अजून वेळ आहे, दौलत.

तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, असं लिहिणार होते. लिहवत नाही, कारण मी सांगणार नाही हे तुलाही ठाऊक आहे.

पांघरूण घेऊन बस.
आक्का

&nbsp;

कल्याण,
८ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न.

तुझं सगळं खरं. मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात तिने विचारलं, उद्याला मटकी भिजवू का? मी म्हटलं, भिजव. दुसऱ्यांदा गाडीत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातून गिअर आवाज न करता पडला. तिने माझ्याकडे बघितलं. ओठ दाताखाली नव्हता, आक्का. ते हसणं खरं होतं. मला नाही सांगवलं.

आणि तिचं खोटं हसणंसुद्धा मला हवंय. आहे तेवढे दिवस हवंय. रडायला तिला पुढे पुष्कळ वेळ आहे, मला मात्र हसतीच बघू दे. स्वार्थी म्हणालीस तरी चालेल.

नवे पाटे बसले. क्लच प्लेट मागेच झाली. हौद्याला काळुरामने नवा पत्रा ठोकला, त्याला आता निळा रंग देणार आहे. मालन सरळ रस्त्यावर चालवते, ब्रेकही बरा लावते. फक्त चढाला घाबरते, गाडी मागे जाईल म्हणून क्लच एकदम सोडते. पत्रीपुलाचा चढ एकदा जमला की तिला सगळं सांगतो. शब्द देतो.

हात दुखला. एवढंच.
तुझा,
दौलत

&nbsp;

ठाकुर्ली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. नीलावन्संना,
शि. सा. न. वि. वि.

गाडी घरी आली. निळी. काळुरामने पुढे लिंबू-मिरची बांधून दिली आणि वर हातात पेढे ठेवले. रेडिएटर अजून थोडा गळतो, दर वेळी पाणी बघून निघायचं, म्हणाला. माझं पक्कं लायसन्सही झालं.

आणताना मीच चालवली. हे शेजारी, मांडीवर उशी घेऊन, कारण खड्ड्यात पोटात कळ जाते. पत्रीपुलाचा चढ आला, पुढे सगळं थांबलेलं. हे हळूच म्हणाले, हँडब्रेक, अर्धा क्लच, आता सोड. गाडी तसूभर मागे गेली नाही वन्सं, सरळ वर! मी ओरडलेच.

मग पुलावर परत ट्रॅफिक लागला. हे माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, मालन, तुला एक सांगायचंय. मला वाटलं, आता हे डॉक्टरांचं विचारणार, आणि स्टिअरिंगवर बसून मला खोटं बोलता यायचं नाही. मी घाईने म्हटलं, नंतर सांगा, मागे ट्रक हॉर्न मारतोय. ह्यांनी हात काढून घेतला. बरं म्हणाले. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही आणि ह्यांनीही काही काढलं नाही.

त्या दिवसापासून जिन्याखाली उतरलेले नाहीत. खिडकीतून गाडी दिसेल अशी खाट सरकवून दिलीय. डॉक्टरांनी दुखण्यावरचं औषध वाढवलंय, खूप वेळ झोपून असतात. झोपेत उजवा पाय हलतो, ब्रेक लावल्यासारखा.

या आठवड्यात जमलं तर या. राहायला या.
तुमची,
मालन

&nbsp;

ठाकुर्ली,
१८ मार्च २०२५

नीलावन्सं,

तुमचे फोन घेत नाहीये, म्हणून लिहिते.

तेराव्याला तुम्ही सगळे निघून गेलात आणि मग काळुराम आला. चटईवर बसला आणि रडायला लागला. म्हणाला, दादा पहिल्याच दिवशी बोलले होते, मी काय उन्हाळा काढत नाय, गारी वहिनीसाठी कर, तिला झेपंल अशी कर. मग म्हणाला, दादांची पत्रं मीच टाकायचो पोस्टात, बाळकुमच्या आक्कांची यायचीत तीसुद्धा माझ्याकडंच. त्याला वाटलं मला हे सगळं माहीत आहे.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. नोव्हेंबरपासून. आणि तुम्हाला माहीत होतं की ह्यांना माहीत आहे. माझी पत्रं तुमच्याकडे, ह्यांची पत्रं तुमच्याकडे, आणि इथे माझ्याकडे काय? त्या गाडीला तुम्ही एकाएकी हो म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी तुम्ही खाली औषध आणायला गेलेलात. ह्यांनी डोळे उघडले. विचारलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलंस का? मी म्हटलं, घातलं, उद्या तुम्हीच उतरून बघा. हसले. म्हणाले, हो, उद्या बघतो. आमचं शेवटचं बोलणं हे. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं रेडिएटरचं बोलत बसलो.

पुलावर ते काय सांगणार होते तेही आता कळलं. मी म्हटलं, मागे ट्रक हॉर्न मारतोय. ते माझं मला भोगायचंय, त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही एक शब्द बोलला असतात तर? मी त्यांना जवळ घेतलं असतं वन्सं. हसण्यात सगळे दिवस गेले, मला एकदा त्यांच्या गळ्यात पडून रडू तरी द्यायचं होतं. ते कोणी मला परत देणार?

गाडी खाली उभी आहे. मला ती बघवत नाही. काळुरामला म्हटलंय, गिऱ्हाईक बघ.

मालन

&nbsp;

बाळकुम, ठाणे,
२४ मार्च २०२५

चि. सौ. मालन हीस,

सवयीने सौ. लिहून गेलं. खोडवलं नाही.

तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. त्याने आईची शपथ घातली होती, पण ते कारण मी तुझ्यापुढे करणार नाही. मी त्याला एकदा लिहिलं, तिला सांग म्हणून. त्याने शब्द दिला, चढ जमला की सांगतो. मी त्या शब्दावर विसंबले. फेब्रुवारीत तुझं पुलाचं पत्र आलं तेव्हा मी काय ते ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन तुम्हा दोघांना समोरासमोर बसवायला हवं होतं. बॅग भरून आलेही. पण तुम्ही दोघं खिडकीतून गाडीकडे बघत काहीतरी बोलत होता, आणि माझं तोंड उघडलं नाही. भाऊ रागावला असता तर रागावू द्यायचा होता. हे मला आता कळतं, आणि आता कळून काही होत नाही.

क्षमा मागत नाही. ती तू द्यावीस असं काही मी केलेलं नाही. फक्त एक गोष्ट तुझी आहे आणि माझ्याकडे राहिली आहे, ती देते.

मालन, तुला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. तू खोटं हसतेस ते तो ओळखायचा, खालचा ओठ दाताखाली धरतेस म्हणून. त्याने मला लिहिलं की तिचं खोटं हसणंसुद्धा मला हवंय. आणि लिहिलं की एकदा गिअर नीट पडला तेव्हा तू खरी हसलीस, ते बघून त्याला सांगवलं नाही. तू त्याला फसवलं नाहीस. त्याला तुझं सगळं दिसत होतं.

गाडी विकायची की ठेवायची, यावर या वेळी माझं काही मत नाही. तुला वाटेल ते कर.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. जेवत जा.
नीला

&nbsp;

ठाकुर्ली,
६ जुलै २०२५

ती. नीलावन्संना,
मालनचा शि. सा. न.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. पहिले काही दिवस मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलेलं. मग एकदा आरशासमोर उभी राहिले आणि ह्यांच्यापुढे हसायचे तशी हसून बघितलं. खरंच, ओठ दाताखाली जातो. मला कधी कळलंच नव्हतं.

गाडीला गिऱ्हाईक आलं होतं, डोंबिवलीचा एक फर्निचरवाला. हौदा ठोकून बघितला, टायरला लाथ मारली, खटारा आहे म्हणाला. का कोण जाणे, मला लाथेचा राग आला. द्यायची नाही म्हटलं. काळुराम नुसता पाना उचलून आत गेला.

मग मेमध्ये भाड्याचा टेम्पो आला नाही म्हणून एक दिवस मीच रोपं भरली. दोनदा बंद पडली. एकदा पाणी उकळून बोनेटमधून वाफ आली, लोक लांबून बघत होते. मी गाडी बाजूला घेऊन गार व्हायची वाट बघितली, पाणी घातलं, निघाले. कोणालाच विचारावं लागलं नाही. तेव्हा मला ह्यांचा फार राग आला. सगळं शिकवून गेले आणि एक बोलून नाही गेले.

आता रोज चालवते. टिटवाळा, शहाड, डोंबिवलीच्या दोन सोसायट्या. पावसात कामही बरं आहे. कुंड्या उतरवायला कोणी ना कोणी हात देतं. पण परत येताना गाडी रिकामी असते आणि शेजारची सीटही. तेवढा रस्ता जड जातो. काही वेळा सवयीने खड्डा चुकवत सावकाश चालवते, मग आठवतं की आता कोणाच्या पोटात कळ जायची नाही.

आज हे लिहायचं कारण. गेल्या शुक्रवारी बाळकुमला आलेले. तुमच्या पलीकडच्या टॉवरमध्ये पाम आणि क्रोटन पोचवायचे होते. काम झाल्यावर तुमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होता. हात वर केलात तेव्हा कपाळ, भुवया, सगळं ह्यांचंच दिसलं. लिफ्टपर्यंत आले आणि परत फिरले. राग म्हणून नाही. राग आहे, तो काही दिवस राहील, पण त्यामुळे नाही. वर आले असते तर तुमच्या तोंडाकडे बघत बसले असते, आणि ते दोघींनाही सोसलं नसतं.

शुक्रवारी परत तिकडे माल आहे. मी वर येणार नाही. तुम्ही खाली या. घोडबंदरपर्यंत जाऊन येऊ. गाडीत शेजारी शेजारी बसलं की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघी समोर बघू. काही सांगू नका, मीही विचारणार नाही. रडायला आलं तर रडा, मी गाडी थांबवणार नाही.

डावीकडचं दार बाहेरून उघडत नाही. ओढू नका, हँडल हातात येईल. खाली फुटपाथवर उभ्या राहा, मी वाकून आतून उघडते.

तुमची,
मालन